लॉकआउट, नरकचतुर्दशी आणि काकांचा बंब

गेल्या दिवाळीची गोष्ट. नरकचतुर्दशी, पहाटे पावणेपाच. नागावचं आमचं घर, म्हणजे अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की लागतं ते नागाव. काकीने उटणं कालवून ठेवलेलं, कारीट तुळशीपाशी मांडलेली, घरातली बारा माणसं डोक्याला तेल चोपडून रांगेत बसलेली. आणि गॅस गिझर बंद पडला.

बंद म्हणजे अगदी मेला नव्हता. नळ सोडला की टिक टिक टिक, मग भप्प, दोन सेकंद ज्योत, आणि खट्. पडद्यावर लाल अक्षरांत ‘ई १’. नळ बंद करून परत सोडला, परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात पहिला उपाय म्हणजे रीस्टार्ट आणि दुसरा उपाय म्हणजे परत रीस्टार्ट. माझा चुलतभाऊ माझ्याही पुढचा. तो म्हणाला, “सेन्सरच गंडलाय. दोन वायरी जोडून बायपास करू, तास-दोन तासांचा तर प्रश्न आहे.” स्क्रूड्रायव्हर घेऊन तो स्टुलावर चढलासुद्धा.

“उतर खाली,” काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण तो उतरला.

काका याच पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधून निवृत्त झाले. त्यांनी आधी सिलेंडर बंद केला, मग बाथरूमचं दार सताड उघडून ठेवलं आणि मला माळ्यावरून बंब काढायला पाठवलं. तांब्याचा, आजीच्या लग्नातला. मधल्या नळीत सोडणं, करवंट्या आणि थोडा कापूर. अर्ध्या तासात कढत पाणी. अभ्यंगस्नानं झाली, कारीट फुटली, फराळ झाला. पण माझ्या डोक्यातून ते ‘ई १’ जाईना. दुपारी काकांना विचारलं, “तीनदाच का? चौथ्यांदा लागला असता की!”

“लागला असता. म्हणूनच नाही लावायचा.”

या एका वाक्याचा अर्थ शोधता शोधता माझे पुढचे तीन वीकेंड गेले. मंडळी, आज त्याचाच हा वृत्तांत.

सुरुवात बंबापासून करू. बंबाला लॉकआउट नाही, कारण त्याची गरजच नाही. करवंटी विझली तर धूर होतो, डोळे चुरचुरतात, माणूस येऊन फुंकणीने फुंकर घालतो. इंधन विझलं की धोका संपला. गॅसचं उलटं आहे. ज्योत विझली की धोका सुरू होतो, कारण इंधन येतच राहतं आणि ते दिसत नाही.

गॅसवर पाणी तापवायची कल्पना लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या रंगारी माणसाची, साल १८६८. आइसलंडमध्ये ‘गेय्सिर’ नावाचा गरम पाण्याचा उसळता झरा आहे, त्यावरून त्याने यंत्राला ‘गीझर’ नाव दिलं. आपण बाथरूममध्ये उच्चारतो तो शब्द तिथला. मॉनच्या यंत्राला धुरांडं नव्हतं. गॅसच्या ज्वाळांवरचे गरम वायू थेट पाण्याला भिडायचे आणि उरलेलं सगळं न्हाणीघरात. ज्योत विझली तर गॅस थांबवणारंही काही नव्हतं. थोडक्यात, डेमोला भारी, प्रॉडक्शनला जीवघेणं.

ज्योतीवर पहारा ठेवायचं साधन खरं तर त्याच्या कितीतरी आधी सापडलं होतं. १८२१ साली झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं, की दोन वेगळ्या धातूंचे सांधे जोडून एक सांधा तापवला तर विजेचा परिणाम दिसतो. यालाच थर्मोकपल म्हणतात. विसाव्या शतकात कोणीतरी ते पायलट ज्योतीत धरलं. तापलेल्या थर्मोकपलमधून पंचवीस-तीस मिलिव्होल्ट मिळतात. तेवढ्याशा विजेवर एक छोटं विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतं. ज्योत गेली, सांधा थंड झाला, चुंबक सुटलं, स्प्रिंगने झडप बंद. मला यातली गंमत अशी वाटते, की झडप बंद करायला काहीच करावं लागत नाही. ती उघडी ठेवायला पुरावा लागतो. वायर तुटो, सांधा गंजो, काहीही बिघडो, निकाल एकच: गॅस बंद.

आजच्या गिझरमध्ये आणि विलायतेतल्या घरगुती बॉयलरमध्ये बहुधा याहून चलाख युक्ती असते. ज्योतीतले वायू आयनीभूत असतात, म्हणजे ज्योत स्वतः थोडीफार वीज वाहते. ज्योतीत एक कांडी धरतात, दुसरं टोक म्हणजे बर्नरचं धातू. बर्नर मोठा, कांडी बारीक, त्यामुळे प्रवाह एका दिशेने जास्त वाहतो. असतो काही मायक्रोअँपिअरच, पण अशी एकतर्फी वीज ज्योतीशिवाय मिळणं अवघड. नुसत्या शॉर्ट सर्किटने ती नक्कल जमत नाही. कंट्रोलर ठिणगी पाडतो, गॅस सोडतो आणि काही सेकंद त्या प्रवाहाची वाट पाहतो. नाही आला तर गॅस बंद. ठरावीक प्रयत्न फसले की तो हात वर करतो. हाच लॉकआउट.

प्रयत्न मोजून का? काकांनी ते बॉयलर हाऊसच्या भाषेत सांगितलं. “प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा गॅस न जळता आत राहतो. चौथी ठिणगी पडते ती चारही वेळच्या गॅसवर.” मोठ्या बॉयलरमध्ये म्हणून ‘पर्ज’ करतात. ट्रिप झाला की पंखे चालू ठेवून भट्टीतली हवा अनेकदा बदलायची, मगच परत पेटवायचं. घाई चालत नाही, साहेब फोनवर ओरडत असला तरी. त्यात आपला सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचून राहतो. काकांनी दार उघडं टाकलं होतं ते पर्जच होतं, मला फक्त ते कळलं नव्हतं.

काकांची ही शिस्त हवेतून आलेली नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसं गेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, १९२३ साली अख्ख्या देशासाठी एक झाला, आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. काकांच्या भिंतीवर फ्रेममध्ये बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र आहे. लहानपणी मला ते शाळेच्या दाखल्यासारखं वाटायचं. त्याची मुळं त्या स्फोटापर्यंत जातात.

विलायतेचीही अशीच एक कथा. १६ मे १९६८ ला पहाटे पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या बावीस मजली नव्याकोऱ्या इमारतीत, अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. शेगडीच्या जोडणीतून गॅस गळत होता. स्फोटाने भिंत उडाली आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली, त्या बाई वाचल्या. त्यानंतर १९७० साली तिथे गॅसचं काम करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली.

हे मला आधी माहीत असतं तर २०१० च्या डिसेंबरात मी जरा शहाणा वागलो असतो. तेव्हा मी ऑनसाइट होतो, इंग्लंडमध्ये. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि घरातला बॉयलर लॉकआउट. मी रात्रभर दर दहा मिनिटांनी रीसेट दाबत बसलो. सकाळी शेजारच्या आजोबांनी केटलीभर गरम पाणी भिंतीबाहेरच्या एका प्लास्टिकच्या पाइपवर ओतलं आणि बॉयलर चालू! बॉयलरमधलं साकळलेलं पाणी बाहेर नेणारा तो पाइप गोठला होता. पाणी उलटं साचून आत शिरू नये म्हणून यंत्राने स्वतःला बंद केलं होतं. मी रात्रभर त्याला शिव्या घालत होतो.

असो. परत नागावला येऊ. आमच्या या किनाऱ्याचं आणि गॅसचं नातं जुनं आहे. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं, आणि समुद्राखालून पाइपलाइन आली ती उरणला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड झालं १९८१ साली. मग थळला त्या गॅसवर खताचा कारखाना आला, उसरला एलपीजीचा प्रकल्प आला. काकांच्या पिढीतली किती तरी आगरी, कोळी, भंडारी घरांतली पोरं वाडी आणि होडी सोडून या कारखान्यांत लागली आणि ज्योतीवर पहारा करायला शिकली. घरी मात्र पाणी बंबातच तापायचं. गिझर आमच्याकडे आला २०१२ मध्ये.

त्या दिवाळीत दुपारी काकांनी गिझर उघडला. आधी सोप्या गोष्टी: बॅटरीचे सेल नवे घातले, पाण्याचा जोर पाहिला, सिलेंडर हलवून पाहिला. सगळं ठीक. मग ज्योतीची कांडी. तिच्यावर काजळी होती. खाऱ्या वाऱ्याने अर्थिंगची वायर गंजलेली असेल हा माझा अंदाज होता, आणि ती थोडी गंजली होतीही. पण काका काजळीकडेच बघत राहिले. “ज्योत निळी असली तर काजळी येते कुठून?”

मग त्यांनी वर पाहिलं. बाथरूमच्या झरोक्याला प्लायचा तुकडा ठोकलेला होता. पावसाळ्यात वटवाघळं येत होती म्हणून कोणीतरी ठोकला होता. (चुलतभावाने. पण त्याचं नाव सांगणार नाही असं कबूल केलंय.)

म्हणजे हवा कोंडलेली. कोंडलेल्या हवेत गॅस अर्धवट जळतो, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. बंद बाथरूममध्ये गिझर लावून आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्या पहाटे रांगेत पहिली होती माझी सात वर्षांची पुतणी. सेन्सर बायपास झाला असता तर ती आत कडी लावून गेली असती.

पुढचं मी लिहीत नाही.

कांडी साफ केली, वायर बदलली, प्लाय काढून जाळी बसवली. गिझर पुढच्या आठवड्यात तंत्रज्ञ बोलावून मागच्या पडवीच्या भिंतीवर, उघड्यावर हलवला. बाथरूममध्ये आता फक्त पाण्याचा पाइप येतो.

सोमवारी हापिसात एक जुना कोड उघडला. कोणीतरी (बहुधा मीच) एरर आली की गुपचूप गिळून परत प्रयत्न करायचा, असं लिहून ठेवलं होतं. मर्यादा नाही, नोंद नाही, कोणाला कळवणं नाही. मी तीन प्रयत्नांनंतर थांबायची अट घातली. रिव्ह्यूत पोराने विचारलं, “सर, चौथ्यांदा चाललं असतं की?”

त्याला म्हटलं, “चाललं असतं. म्हणूनच.” मग चहा घेऊन बसलो आणि त्याला बंबापासून सगळं सांगितलं.