सोळा आणे ते शंभर पैसे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जुलै २०११मधली गोष्ट. आमच्या नेरुळच्या इमारतीत दिवाळे गावातली एक मावशी बरीच वर्षं मासळी घेऊन येत असे. त्या दिवशी पाटी उतरवल्यावर तिने पदराआडून डालड्याचा एक जुना डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "भाऊ, तुम्ही बँकेत होता ना? एवढं मोडून द्या." डब्यात चाराण्यांची नाणी होती. काही वीस पैसे, काही दहा पैसे होते, पण बहुतेक चाराणेच. गिऱ्हाइकाकडून आलेली मोड ती रोज त्यात टाकायची. आम्ही मोजली. शंभर रुपयांच्या थोडी वर भरली.

पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११पासून चलनातून बाद झाली होती. बँकांच्या ठरावीक शाखांमध्ये ती बदलून घेण्याची मुदत आदल्या दिवशी, २९ जूनला संपली होती. मला हे महिनोन् महिने ठाऊक होतं. मावशी आठवड्यातून दोनदा माझ्या दारात येत होती आणि तिला ते सांगावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "सरकारनं केलेला पैसा सरकारच कसा मारतं?"

प्रश्न साधा आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर स्वातंत्र्यापर्यंत मागे जावं लागतं.

१५ ऑगस्ट १९४७ला झेंडा बदलला, पण खिशातली नाणी बदलली नाहीत. सहाव्या जॉर्जचा मुखवटा असलेली नाणी पुढे तीन वर्षं तशीच चालू राहिली. त्यातल्या निकेलच्या रुपयावर मागच्या बाजूला वाघ होता. युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई झाली म्हणून काढलेला भोकाचा पैसाही लोकांच्या हाती होता. आमची आजी असले पैसे दोऱ्यात ओवून ठेवायची.

प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली १५ ऑगस्ट १९५०ला. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि रुपयावरच्या वाघाच्या जागी धान्याची कणसं. पैशावर घोडा होता, तर अर्धा आणा, आणा आणि दोन आणे यांवर बैल. चित्रं बदलली, पण हिशेब जुनाच राहिला. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै! पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी का घोकून घेत, ते या आकड्यावरून कळेल. चवली म्हणजे दोन आणे, पावली चार आण्यांची आणि अधेली आठ आण्यांची. ही नावं बाजारातल्या निरक्षर माणसालाही पाठ होती.

त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राचा पैसाही एक नव्हता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे हाली शिक्का चाले. सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली मोजावे लागत. औरंगाबादचा व्यापारी मुंबईला माल घ्यायला आला, की आधी हा हिशेब करी. १९४८ला हैदराबाद संस्थान विलीन झालं आणि पुढच्या दशकात हाली रुपयाही मागे पडला. गोव्यात पोर्तुगिजांचा एस्कुदो होता. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तिथे आपला रुपया गेला. देश जोडला जातो तो अशा बाजारहाटातूनही.

मोठा बदल झाला तो १९५७मध्ये. दशमान नाण्यांचा कायदा १९५५मध्ये झाला होता. तो १ एप्रिल १९५७पासून अमलात आला आणि रुपयाचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी गोंधळ होऊ नये म्हणून या भागाला नाव दिलं 'नया पैसा'. एका नव्या पैशाच्या नाण्यावर तर 'रुपये का सौवाँ भाग' असं स्पष्ट लिहिलं होतं. हाताला ओळख पटावी म्हणून आकारही वेगवेगळे ठेवले. पाच पैसे चौकोनी, दोन आणि दहा पैसे नागमोडी काठाचे.

चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे आणि आठ आण्यांचे पन्नास, इथपर्यंत सगळं सरळ होतं. अडचण होती आण्याची. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचं नाणं तर नव्हतं. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे धरले गेले. आता हिशेब करून पाहा. एखादी बाई आण्याला एक वाटा या दराने भाजी विकते. चार गिऱ्हाइकांनी एकेक वाटा नेला तर तिच्या हाती चोवीस नवे पैसे. एकाच गिऱ्हाइकाने चारही वाटे नेले तर पंचवीस. सोळा वाटे सुटे विकले, की रुपयाऐवजी शहाण्णवच पैसे मिळणार! उलट तिने वाट्याला सात पैसे मागितले, तर गिऱ्हाइकाला रुपयाच्या मालाला एकशे बारा मोजावे लागणार. रुपयात व्यवहार करणाऱ्या पेढीवाल्याला याची झळ लागली नाही. ज्याचा व्यवहार आण्याचा, त्याच्याच वाट्याला हा अपूर्णांक आला. ही आपल्या नाण्यांच्या इतिहासातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. लोक अर्थात शिकले. काही वर्षं जुनी आणि नवी नाणी एकत्र चालली आणि १ जून १९६४ला 'नया' हा शब्दही गळून पडला. त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांची मुद्रा असलेलं नाणं निघालं. स्वतंत्र भारतातलं ते पहिलं स्मारक नाणं.

आता मावशीच्या प्रश्नाकडे वळू. पैसा मरतो कसा? नाण्यावर लिहिलेली एक किंमत असते आणि त्यातल्या धातूची दुसरी. धातू महाग होऊन छापील किमतीच्या वर गेला, की नाणं गल्ल्यात राहत नाही, भट्टीत जातं. म्हणून सरकार सतत धातू स्वस्त करत आलं आहे. एक पैसा १९५७मध्ये काशाचा होता. पुढे तो निकेलमिश्रित पितळेचा झाला आणि १९६५पासून ॲल्युमिनियमचा, इतका हलका की फुंकर मारली तर हलेल. १९८८मध्ये दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे स्टेनलेस स्टीलचे झाले आणि १९९२मध्ये रुपयाही. चाराण्यावर तेव्हा गेंडा आला. पण महागाई धातूपेक्षा वेगाने धावते. चाराण्यात काही मिळेनासं झालं, तेव्हा दुकानदार मोड म्हणून गोळ्या-चॉकलेटं हातावर ठेवू लागले. कायद्याने मरण्याआधी चाराणे बाजारात मेले होते. मावशीच्या डब्यात ते साठले तेही त्यामुळेच. घेणारं कोणी उरलं नव्हतं.

आपली काही नाणी मुंबईत, फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोरच्या टाकसाळीत पडतात. ही टाकसाळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. नाण्यावरच्या सालाखाली बारीक चौकट दिसली तर ते मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. आज घरी मुलांना पाच-दहा नाणी देऊन शोधायला लावा. मात्र एक लक्षात असू द्या. नाणी काढतं ते केंद्र सरकार. रिझर्व्ह बँकेचं काम ती वाटण्याचं.

भाषेत मात्र आणे अजून जिवंत आहेत. खरं बोलणं आपण सोळा आणे खरं म्हणतो. पिकाचा अंदाज घेण्याला खेड्यात आजही आणेवारी म्हणतात. सरकारी कागदावर तिची पैसेवारी झाली. ती पन्नास पैशांच्या खाली गेली, की गावाचे डोळे दुष्काळाच्या सवलतींकडे लागतात. बाजारात ज्या पन्नास पैशांना कोणी विचारत नाही, ते शेतकऱ्याच्या घरात अजून एवढे मोलाचे आहेत.

पन्नास पैसे कायद्यानेही बाद झालेले नाहीत. दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी ते चालतात. दहा रुपयांच्या नाण्यांबद्दल अफवा उठल्या, तेव्हा जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याचे चौदाही नमुने चालतात असा खुलासा केला. तरी एका बसमध्ये वाहकाने ते नाणं माझ्या हातात परत ठेवलं होतं. २०१९मध्ये दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावीत अशी नाण्यांची नवी मालिका आली. तीत बारा कोनांचं वीस रुपयांचं नाणंही आहे. पण नवं नाणं आलं, जुनं गेलं, ही बातमी शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची कोणी?

मावशीचा डबा मी ठेवून घेतला आणि तिला पैसे दिले. ती घेईना. "मेलेल्याचे पैसे कशाला?" म्हणाली. शेवटी त्या दिवशीच्या मासळीच्या हिशेबात मी ते घातले. दिवाळे गाव बेलापूरला लागूनच, आणि बेलापूरला रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे. अंतर फार नव्हतं. निरोप तेवढा पोचला नव्हता, आणि तो पोचवू शकणाऱ्यांत मी एक होतो. आता मावशी येत नाही, तिची सून येते. पाटीच्या कडेला मोबाइलने पैसे भरायचा चौकोन चिकटवलेला असतो. पण सुटे मागणारी म्हातारी माणसं अजून आहेत. आपल्या दारी येणाऱ्या अशा कुणाच्या घरी एखादा डबा असेल, तर पुढची तारीख जाहीर होईल तेव्हा त्यांना आठवणीने सांगा. मी सांगितलं नव्हतं.