निळे राघू, हिरवे राघू

गेल्या डिसेंबरात भाच्याच्या लेकीचे बारसे बुरोंडीच्या घरी झाले. भाचा अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. मुलगी तिकडेच जन्मली, तेव्हा बारावा दिवस केव्हाच उलटून गेला होता. पण नाव गावच्या घरीच ठेवायचे, असा त्याचा हट्ट. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून आत्याचा मान माझ्याकडे आला, आणि मानाबरोबर कुंचीची जबाबदारीही.

आमच्या घरातल्या तरुण मंडळींसाठी सांगते: कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची झूल, हनुवटीखाली बंद बांधायचे. आमची कुंची गुळेदगुड्डच्या खणाची आहे. हे गाव आता कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पण तिथल्या खणांच्या चोळ्या घालून महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या बायका वावरल्या. कुंचीच्या काठाने रेशमाचे राघू भरलेले आहेत, डावीकडे सहा, उजवीकडे सहा. आई म्हणे, तिच्या आजीने भरले. माझ्या भावाला, त्याच्या मुलाला, सगळ्यांना बारशाच्या दिवशी हीच घातली.

पत्र्याच्या डब्यातून काढली तर जीव हळहळला. बारा राघूंना मिळून तीनच डोळे शिल्लक! बाकी सगळे आंधळे. दोघांचे पंख उसवलेले. डोळेच आधी का गेले याचे कारण मला माहीत होते. जुना काळा रंग हिरडा-बाभळीच्या कसात लोखंडाचा गंज घालून करत, आणि ते लोह वर्षानुवर्षे आतून रेशीम कुरतडत राहते. जुन्या भरतकामात काळा धागा सगळ्यात आधी तुटतो तो म्हणून.

दापोलीला जाऊन रेशीम मागितले. दुकानातल्या मुलाने चमचमीत रिळांचा खोका पुढे ठेवला. घरी येऊन एक टोक काडीने पेटवले तर ते वितळून गोळी झाले आणि प्लास्टिकचा वास सुटला. पॉलिएस्टर! मग आईच्या डब्यातल्या जुन्या लडी काढल्या. त्यातली एक जाळली तर कागदासारखी भुर्रकन जळली. म्हणजे सूत. खरे रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे राहिलेली काळी गुठळी बोटांत भुगा होते.

आणि या सुती लडीला आयुष्यभर आम्ही 'रेशीम' म्हणत आलो! शाळेत शिवणकामाच्या तासालाही मी मुलींना 'रेशमाची लडी आणा' असेच सांगत असे. ही करामत जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाची. १८४४ च्या सुमारास त्याला दिसले की कॉस्टिक सोड्यात बुडवले की सूत बदलते, रंग अधिक पिते. १८५० मध्ये त्याने पेटंट घेतले. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने तेच सूत ताणून धरून सोड्यात घातले, आणि त्याला रेशमासारखी झळाळी आली. फ्रान्समधल्या मुलूझची १७४६ सालची डी.एम.सी. पेढी अशाच सुताच्या लडी जगभर विकू लागली. किंमत कमी, रंग पक्का, वर आकड्यांचे रंगपत्रक. खऱ्या रेशमाचे नाव मात्र त्या लडीला चिकटले ते चिकटलेच.

पूर्वी असा गोंधळ झाला नसता, कारण रेशीम विकणारा माणूसच वेगळा असे. पाट म्हणजे रेशीम, आणि पाटाचे काम करणारा तो पटवेकरी. दागिने गाठवणे, गोंडे, गोफ, करगोटे करणे हा त्याचा धंदा. त्याला रंग निवडावा लागे तो दिसण्यासाठी कमी आणि न दिसण्यासाठी जास्त. मोत्यांत गडद दोरा घातला तर भोकातून डोकावतो आणि मोती मळकट दिसतो, म्हणून मोत्याला पांढरे रेशीम. सोन्यामागे तांबडे, कारण त्यावर सोने उठते. जरीच्या कलाबतूतही हीच युक्ती. सोन्याच्या मुलाम्याची तार ज्या रेशमावर गुंडाळायची ते रेशीम पिवळे घेत, म्हणजे वर्षांनी तार झिजली तरी आतला दोरा चुगली करत नाही. चांदीच्या तारेखाली पांढरे.

असो. भाच्याला फोनवर सांगितले, "अरे, रेशीम काही मिळत नाही." तर तो म्हणाला, "आत्या, माझ्याकडे आहे ना! किती हवंय?"

मला वाटले थट्टा करतोय. पण त्याला तिकडे मासे पकडायचा नाद लागला आहे. डोंगरातल्या थंड नदीत ट्राउट नावाचा मासा असतो. तो पाण्यावरच्या माश्या-किडे खातो, म्हणून गळाला पिसे आणि धागा गुंडाळून खोटी माशी बनवायची. त्याला ते लोक फ्लाय बांधणे म्हणतात. दोन-दोन तास बसून माशी बांधायची, मासा धरायचा, आणि परत सोडून द्यायचा! हे मी आमच्या किनाऱ्यावर सांगितले तेव्हा एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मला दोनदा विचारले, "सोडतात? जिवंत?"

पण नाद जुना आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये एलियन नावाच्या लेखकाने लिहून ठेवले आहे की मॅसेडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधतात. १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या एका गळ-पुस्तकात बारा माश्यांची कृती आहे, त्यात लोकरीवर रेशमाचा वेढा आला आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत ते शास्त्रच झाले. रेशीमच का? तर ते केसाइतके बारीक असूनही तुटत नाही. दहा वेढे दिले तरी माशीची कंबर जाड होत नाही.

त्याने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. विल्यम ग्रीनवेल या पाद्र्याच्या नावाची, १८५४ सालची एक प्रसिद्ध माशी आहे. तिचे अंग फिकट पिवळ्या रेशमाचे. पण त्या रेशमाला चांभाराचे काळपट मेण चोळायचे, म्हणजे पिवळ्याचा शेवाळी होतो. आणि पाण्यात भिजले की आणखी गडद. म्हणजे रिळावरचा रंग हा खरा रंग नव्हेच! माशाला जो दिसणार तो ओल्या, मेण लावलेल्या रेशमाचा. म्हणून जाणता माणूस धागा आधी ओला करून बघतो, मग निवडतो.

हे आपल्याकडच्यांनाही ठाऊक होते, फक्त मोठ्या मापावर. नायलॉन यायच्या आधी किनाऱ्यावरची जाळी सुताची-तागाची असत. ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळत. सालीतल्या तुरट कसाने जाळे खाऱ्या पाण्यात कुजत नसे, आणि पांढरे जाळे तांबूस होऊन पाण्यात कमी दिसे. लहानपणी मी त्या कढया पाहिल्या आहेत. सगळ्या किनाऱ्याला तुरट वास यायचा.

भाचा आला तो खिशात रेशमाची चौदा रिळे घेऊन. त्यातली काही पिअरसॉल या लंडनच्या १७९५ सालच्या पेढीची, जुनी. मी एक टोक जाळून पाहिले. केसाचा वास आला! तो म्हणाला, "आत्या, महाग आहे गं ते, सगळं जाळू नकोस."

मग निवड. आईचा नियम होता: रंग निवडायचा तो सकाळी दहाच्या आत, पडवीत बसून, उन्हात नाही आणि दिव्याखाली तर मुळीच नाही. आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती. रॉकेलच्या कंदिलाच्या पिवळ्या उजेडात निळा काळा दिसतो आणि हिरवा-निळ्यातला फरक कळत नाही. आजचे पांढरे दिवेही तितकेच फसवतात. दुकानात जुळलेले दोन धागे अंगणात आल्यावर वेगळे होतात हे प्रत्येक शिंप्याला माहीत आहे.

पडवीत बसून आम्ही राघूशेजारी एकेक रीळ धरून पाहू लागलो. उजवीकडचे राघू पोपटी-राखाडी. डावीकडचे निळे. "असे का?" भाच्याने विचारले. आणि मी साठ वर्षे कुणाला न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली.

१९६१ साल असेल, मी अकरा वर्षांची. पावसाळा संपल्यावर डब्यातले कपडे हवेशीर करायचे असत. आईने कुंची माझ्या हातात दिली आणि सांगितले, सावलीत टाक, घटकाभराने उचल. मी ती अंगणातल्या दोरीवर टाकली आणि खेळायला पळाले. एकदा नव्हे. ते चार-पाच दिवस रोजच तसे झाले. कुंची दुमडून टाकलेली, डावी बाजू उन्हाकडे. त्यानंतर डावीकडचे राघू निळे दिसू लागले. आईच्या लक्षात आले असणारच, पण ती मला एका शब्दाने बोलली नाही. पुढे भावकीत कुणी विचारले की "राघू निळे कसे?" तर ती शांतपणे म्हणे, "ते निळेच आहेत."

पंख नीट करायचे तर अस्तर उसवावे लागणार होते. उसवले, आणि आम्ही दोघे बघतच राहिलो. उलट्या बाजूला बाराही राघू हिरवेगार. कोवळ्या भाताच्या रोपासारखे.

जुन्या रंगाऱ्यांना हिरवा असा एक रंग मिळत नसे. रेशीम आधी पापडखाराच्या पाण्यात उकळून त्याचा डिंक काढायचा (कच्च्या रेशमाच्या वजनाचा पाव भाग हा डिंकच असतो), मग एकदा निळीत बुडवायचे आणि एकदा पिवळ्यात. पिवळ्यासाठी हळद, पळसाची फुले, डाळिंबाची साल. नीळ उन्हाला दाद देत नाही, पण हळद उन्हात टिकत नाही. हिरव्यातला पिवळा उडाला की खालची नीळ उरते. युरोपातल्या जुन्या भिंतीपडद्यांवरची झाडे याच कारणाने निळी झालेली आहेत. तेव्हा आमचे राघू नीळ-हळदीचे असावेत असा माझा कयास. उजवी बाजूही थोडी विटलीच होती, म्हणजे दोष सगळा माझा एकटीचा नव्हता. पण डाव्या बाजूचा होता.

विलायती रंग असता तर काय झाले असते? १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोयनेल करायला गेला आणि डांबरातून जांभळा रंग घेऊन बसला. हे नवे रंग रेशमाला फार चटकन धरत, म्हणून आधी रेशमावरच आले. १८५९ चा मॅजेंटा तर आपल्याकडच्या पेठापेठांतून पसरला. बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या हिंदुस्थानी कलाकुसरीवरच्या ग्रंथात या मॅजेंटावर सडकून टीका केली आहे. काश्मीरच्या महाराजांनी सरहद्दीवर त्याच्यावर जबर जकात बसवली, आत सापडला तर जप्त करून नष्ट केला, हेही तेच सांगतात. मला बर्डवुडसाहेबांचे सगळे पटत नाही. ज्या बाईला राणी रंगाची चोळी पहिल्यांदा परवडली तिचा आनंद त्यांनी विचारात घेतलेला दिसत नाही. पण ते सुरुवातीचे रंगही उन्हात विटत, आणि विटले की त्यांच्याखाली दुसरा रंगच नसे.

आता प्रश्न असा की नवा धागा कोणत्या रंगाचा घ्यायचा? भाचा म्हणाला, "हिरवा. मुळात हिरवाच होता, पुरावा समोर आहे." खरे होते. शिवाय हिरवा घातला असता तर माझी चूक थोडीतरी पुसली गेली असती. पण एका निळ्या राघूला एकच हिरवा पंख लावला तर तो पंख बोंब मारत राहणार. आणि आईच्या शब्दाचे काय?

शेवटी त्याच्या गळाच्या कामातली युक्ती आणि माझी शिवणकामातली युक्ती एकत्र केली. बारीक रेशमाचे तीन पदर सुईत ओवायचे. डावीकडे दोन निळे, एक हिरवा. उजवीकडे दोन हिरवे, एक निळा. आधी चिंधीवर भरून, ओले करून, वाळवून पाहिले. भाचा मेण चोळू या म्हणाला, ते मी मोडून काढले. बाळ कुंचीचे टोक तोंडात घालणार! डोळ्यांना काळा न घेता गडद तपकिरी घेतला. नऊ डोळे आणि दोन पंख, चार सकाळी लागल्या. माझी नजर आता पूर्वीसारखी नाही, सुई तोच ओवून देत होता. माशी बांधणाऱ्याचे हात, गाठ अशी बारीक मारतो की शोधून सापडत नाही. अस्तर परत शिवण्याआधी त्याने उलट्या बाजूचे फोटो काढून ठेवले.

बारशाला सत्तर-ऐंशी माणसे होती. पाळण्यातून मुलगी कुंचीत गुरफटून माझ्या मांडीवर आली. जवळ बसलेल्या एका चुलत वहिनींनी काठ हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "वन्सं, राघू निळे कसे हो?"

भाचा माझ्याकडे बघत होता. मी म्हटले, "ते निळेच आहेत."

जाताना तो चार रिळे ठेवून गेला, दोन हिरवी, एक निळे, एक तपकिरी. डब्यात कुंचीबरोबर ठेवली आहेत, आणि चिठ्ठीवर लिहिले आहे: सावलीत टाकावी, घटकाभराने उचलावी.