मुठीतले लढाऊ विमान

राजांच्या सनदा, किल्ल्यांचे तट आणि तहनामे यांवरून इतिहास वाचण्याची परंपरा जुनी आहे. मुलांच्या खेळण्यांकडे त्या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही. तथापि धातूत ओतलेले एखादे लहानसे जेट लढाऊ विमान हाती घेतले, तर युद्ध, धातुशास्त्र आणि व्यापार या तिन्हींच्या खुणा त्याच्यावर उमटलेल्या दिसतात.

या विमानांची कथा इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात सुरू होते. तेथील एका मांस आयात करणाऱ्या पेढीत फ्रँक हॉर्नबी हा कारकून होता. भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या जोडून यंत्रे उभारण्याच्या खेळाचे पेटंट त्याने 1901 साली घेतले. हाच खेळ पुढे ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेला. त्याच्याच कंपनीने 1934 साली ‘डिंकी टॉइज’ या नावाने धातूच्या छोट्या मोटारी, जहाजे आणि विमाने बाजारात आणली.

ही विमाने घडवण्याची रीत अशी. जस्तात थोडे अॅल्युमिनियम आणि इतर धातू मिसळून केलेला मिश्रधातू सुमारे 385 अंश सेल्सियसला वितळतो. तो रस दाबाने पोलादी साच्यात शिरवला की क्षणात थिजतो, आणि पंखावरची बारीक रेघही त्यात उठून येते. उष्णता बेताची असल्याने साचा लवकर खराब होत नाही, आणि एकाच साच्यातून हजारो नग निघतात. परंतु या सोयीत एक दोष दडलेला होता. जस्तात शिशाचा लवलेश जरी राहिला, तरी दमट हवेत धातू आतून कुजू लागतो. प्रथम पंख वाकतात, मग भेगा पडतात, आणि शेवटी विमानाचा भुगा होतो. महायुद्धापूर्वीची कित्येक विमाने अशी नाहीशी झाली. 99.99 टक्के शुद्ध जस्त काटेकोरपणे वापरले जाऊ लागले, तेव्हाच हा रोग आटोक्यात आला.

युद्धाने या खेळण्यांना वेगळेच काम दिले. 1940 साली ब्रिटनमध्ये स्पिटफायर विमानांसाठी लोकवर्गणी सुरू झाली. एका विमानाची किंमत 5,000 पौंड धरलेली होती. त्या निधीसाठी डिंकीने आपले छोटे स्पिटफायर कडी लावून, गळ्यात घालण्याजोगे करून विकले. पुढे 1942 मध्ये धातूची खेळणी बनवण्यास सरकारने मनाई केली, आणि मुलांच्या वाट्याचा धातू युद्धकार्याकडे वळला. त्याच वर्षी अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून 5 लाख लाकडी नमुने मागवले. आकाशातील विमान शत्रूचे की मित्राचे, हे सैनिकांना ओळखता यावे हा त्यामागचा हेतू होता. त्यांचे प्रमाण 1:72, म्हणजे सहा फुटांना एक इंच, असे होते. विमानांचे नमुने जमवणारे आजही हे प्रमाण मानतात.

युद्ध संपताच जेट विमान खेळण्यांच्या दुकानात आले. ग्लॉस्टर मीटिअर हे ब्रिटनचे पहिले जेट लढाऊ विमान जुलै 1944 मध्ये वायुदलात दाखल झाले होते. 1946 साली त्याचा डिंकी नमुना मुलांच्या हाती पडला. ज्या यंत्राची माहिती दोन वर्षांपूर्वी शत्रूपासून कसोशीने लपवली जात होती, ते आता जमिनीवर घरंगळू लागले. 1950 नंतरच्या दशकात त्यामागून स्विफ्ट, हंटर आणि जॅव्हलिन ही विमाने आली.

यांपैकी हॉकर हंटरशी भारताचा निकटचा संबंध आहे. 1951 साली प्रथम उडालेल्या या विमानाने 1953 मध्ये ताशी 727 मैलांचा जागतिक विक्रम केला. 1957 पासून ते भारतीय वायुदलात येऊ लागले. डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवाला येथे शत्रूच्या रणगाड्यांची आगेकूच रोखण्याचे श्रेय जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांकडे जाते.

खेळण्यांचे साचेही भारतात आले. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्यास पोहोचले. त्यांत जेट लढाऊ विमानांचेही साचे होते. खेळण्याच्या तळावरील डिंकीचे नाव काढून त्या ठिकाणी ‘निकी’ असे नवे नाव आले. साचे झिजलेले असल्याने रेषा पूर्वीइतक्या रेखीव उठत नसत. परंतु परदेशी खेळणी दुर्मीळ असण्याच्या त्या काळात पुष्कळ भारतीय मुलांना जेट विमानाचा आकार प्रथम याच धातूतून कळला.

1979 साली लिव्हरपूलचा कारखाना बंद पडला, आणि खेळण्यांची संग्राह्य वस्तू झाली. आता जिचे खोकेही शाबूत आहे आणि रंगाला ओरखडा नाही, त्या प्रतीला मोल अधिक येते. म्हणजे मुलाने जिच्याशी मनसोक्त खेळून घेतले ती प्रत स्वस्त, आणि जिला कोणी हात लावला नाही ती महाग! बाजाराचा हा न्याय काहीसा उफराटाच म्हटला पाहिजे.

परंतु काळाचा न्याय निराळा आहे. तो खोके पाहत नाही, रंगही पाहत नाही. ओतण्याच्या दिवशी कोणाच्या डोळ्यांना न दिसलेली धातूची शुद्धता तेवढी तो पाहतो. तिच्यात हयगय झाली असेल, तर कपाटात जपून ठेवलेले विमानही आपोआप विरून जाते; आणि ती सांभाळली असेल, तर अंगणातल्या मातीत वर्षानुवर्षे पडलेले विमानही आपला आकार टिकवून असते.