लिटर : चिन्हलेखन

घनफळाचे एक दशमान एकक. एक लिटर म्हणजे एक घन डेसिमीटर. १८७९ मध्ये आंतरराष्ट्रीय वजने-मापे समितीने त्यासाठी रोमन लिपीतील लहान ‘एल्’ हे चिन्ह स्वीकारले. १९४८ च्या सर्वसाधारण परिषदेने चिन्हे सामान्यतः लहान अक्षरांत लिहावीत, व्यक्तिनामावरून आलेल्या एककांची (उदा., अँपिअर, वॉट) मात्र मोठ्या अक्षराने लिहावीत, असा संकेत ठरविला. लिटर हे व्यक्तिनाम नसल्याने त्याचे चिन्ह लहानच राहिले.

तथापि लहान एल् व रोमन लिपीबरोबर वापरला जाणारा एकाचा अंक यांची आकृती छपाईत जवळजवळ सारखीच दिसते. ‘५ लिटर’ हे एक्कावन्न असे वाचले जाण्याचा धोका राहतो. मोठ्या अक्षराच्या समर्थनार्थ कॅनडातील केनेथ वूलनर यांनी १९७८ मध्ये ‘लितर’ नावाचा शास्त्रज्ञ विनोदाने कल्पिला. १९७९ मध्ये परिषदेने संकेतास अपवाद करून दोन्ही चिन्हांना मान्यता दिली. त्यांपैकी एकच ठेवण्याचा निर्णय १९९० मध्येही समितीला घेता आला नाही. दोन्ही चिन्हे आजही ग्राह्य आहेत. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठीतील ‘लि.’ या संक्षेपाबाबत हा प्रश्न उद्‌भवत नाही.