वाऱ्यावरची धूळ आणि सागरी जीवन : एका शास्त्रीय कल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
वाळवंटातून उडालेली धूळ हजारो किलोमीटर दूरच्या समुद्राला लोह पुरविते व तेथील जीवसृष्टीचे पोषण करते, हे आता मान्य झाले आहे. परंतु धुळीची शास्त्रीय नोंद आणि तिच्या पोषणमूल्याची जाण यांत दीड शतकाचे अंतर आहे. हा विलंब का झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

डार्विनची नोंद :
१६ जानेवारी १८३२ रोजी 'बीगल' जहाज केप व्हर्दे बेटांवरील पोर्तो प्राया येथे नांगरले, तेव्हा तेथील हवा धुळीने धूसर झाली होती. चार्ल्स डार्विन यांनी अशा धुळीचे नमुने जर्मन शास्त्रज्ञ एहरेनबर्ग यांच्याकडे पाठविले. त्यांत ६७ प्रकारची सूक्ष्म सेंद्रिय रूपे आढळली. १८४६ मध्ये डार्विन यांनी या विषयावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यात भर होता तो धुळीचा उगम व प्रसार यांवर. सागरी जीवांचे पोषण हा त्याचा विषय नव्हता.

लोहाचे कोडे :
दक्षिण महासागरात नायट्रेट व फॉस्फेट विपुल असूनही वनस्पतिप्लवक विरळ का, हा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला. ग्रान यांनी १९३१ मध्ये व हार्ट यांनी १९३४ मध्ये लोहाच्या कमतरतेकडे लक्ष वेधले. मात्र हा तर्क पडताळणे कठीण होते. खुल्या समुद्राच्या पाण्यात लोह अत्यल्प असते. उलट जहाज, तारा व उपकरणे लोखंडाची. नमुना घेतानाच त्यात लोह मिसळे. म्हणजे ज्या साधनांनी सत्य शोधावयाचे, तीच ते झाकत होती.

कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथील जॉन मार्टिन यांनी काटेकोर स्वच्छतेची पद्धत अवलंबून ही अडचण दूर केली. अलास्काच्या आखातातील पाण्यात किंचित लोह मिसळताच प्लवकांची वाढ होते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखविले. अंटार्क्टिकातील वोस्तोक येथील बर्फाच्या गाभ्यानुसार हिमयुगात धूळ अधिक व कार्बन डायऑक्साइड कमी होता. या दोहोंची सांगड त्यांनी १९९० मध्ये घातली. जून १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी गालापागोस बेटांजवळ ६४ चौरस किलोमीटर समुद्रात लोह सोडण्यात आले आणि प्लवक वाढले.

प्रयोगाची मर्यादा :
मग समुद्रात लोह टाकून हवामानबदल रोखता येईल काय? या प्रश्नाच्या इतिहासात गोव्याचाही वाटा आहे. तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ मध्ये दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपांमुळे तो काही काळ थांबविण्यात आला होता. सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात लोह सोडल्यावर प्लवक वाढले. परंतु प्राणिप्लवकांनी ते फस्त केले. सिलिकेटच्या अभावी कवचधारी डायाटम वाढले नाहीत आणि खोल समुद्रात फारच थोडा कार्बन गेला.

समारोप :
धूळ समुद्राचे पोषण करते, हे खरे. पण त्या पोषणाचे फळ त्या-त्या पाण्यातील अन्य घटक ठरवितात. निसर्गातील कार्यकारणभाव उलगडला म्हणजे तो आपल्या आज्ञेत आला, असे नव्हे. लोहाच्या या इतिहासाचा हाच निष्कर्ष आहे.