चयापचयी एमआरआय : संकेतसंवेदनक्षमता

पेशींमध्ये चालणाऱ्या रासायनिक घडामोडी चुंबकीय अनुस्पंदनाने टिपण्याच्या तंत्राला चयापचयी एमआरआय म्हणतात. नेहमीच्या एमआरआयमध्ये पाण्यातील व चरबीतील हायड्रोजनचे चित्र मिळते आणि त्यावरून अवयवाची रचना कळते. चयापचयी एमआरआय त्यापुढे जाऊन ग्लुकोज, पायरुव्हेट, लॅक्टेट, ग्लुटामेट यांसारखे रेणू कोठे आहेत, किती आहेत आणि किती वेगाने एकमेकांत बदलत आहेत याचा शोध घेते. या रेणूंकडून येणारा संकेत फार क्षीण असतो. तो बळकट करणे हाच या शाखेतील मुख्य प्रश्न आहे.

या तंत्राच्या पायाशी मुंबईचे नाते आहे. एकाच प्रकारच्या अणुकेंद्राची कंप्रता त्याच्या रासायनिक परिसराप्रमाणे किंचित बदलते. फेलिक्स ब्लॉक यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेत जे. टी. अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकर्ड यांनी १९५१ मध्ये हा बदल अल्कोहोलमध्ये स्पष्ट दाखवला. एकाच रेणूतील तीन गटांच्या हायड्रोजनच्या तीन वेगळ्या रेषा त्यांना मिळाल्या. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या संशोधनाची सुरुवात केली. उच्च चुंबकीय क्षेत्रातील अनुस्पंदनाची राष्ट्रीय सुविधा नंतर याच संस्थेत उभी राहिली. आज कर्करोगाच्या गाठीतील पायरुव्हेट व लॅक्टेट वेगळे ओळखता येतात ते कंप्रतेतील याच बदलामुळे. धर्मट्टींचे नाव मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही, ही मोठी उणीव आहे.

संकेत क्षीण असण्याचे मूळ कारण उष्णतेत आहे. चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रे क्षेत्राच्या दिशेने किंवा उलट दिशेने राहतात. संकेत मिळतो तो या दोन गटांतील फरकाइतकाच. शरीराच्या तापमानाला ३ टेस्लाच्या यंत्रात हा फरक दहा लाखांत सुमारे दहा इतकाच असतो आणि १.५ टेस्लाच्या यंत्रात त्याच्या निम्मा. कार्बनची स्थिती याहून बिकट आहे. संकेत देणारा कार्बन-१३ निसर्गातील एकूण कार्बनच्या १.१ टक्केच असतो आणि त्याच्या अणुकेंद्राची चुंबकीय ताकद हायड्रोजनच्या सुमारे एक चतुर्थांश असते. त्यात भर म्हणजे ऊतीतील पाण्याच्या तुलनेत हे रेणू हजारो पटींनी विरळ असतात.

सांगली जिल्ह्यातील विटा व खानापूर भागातील, सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या गलाई व्यावसायिकांना ही अडचण ओळखीची वाटेल. सराफाच्या दुकानातील केरातून सोन्याचे कण मिळवायचे तर केर अधिक काळजीने आणि अधिक वेळ धुवावा लागतो, नाही तर मुळात केरातच सोने जास्त असावे लागते. संकेत वाढवण्याचे उपायही याच दोन प्रकारांत मोडतात.

पहिल्या प्रकारातले उपाय जुने आहेत. मोजणी पुन्हा पुन्हा करून सरासरी काढली की गोंगाट दबतो. पण संकेत व गोंगाट यांचे प्रमाण दुप्पट करायला वेळ चौपट लागतो, आणि रुग्ण यंत्रात तासन्‌तास निश्चल पडून राहू शकत नाही. शरीराजवळ अनेक लहान कॉइल मांडून त्यांचे संकेत एकत्र करण्याची पद्धत पीटर रोमर व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. आज ती सर्वत्र वापरात आहे. चुंबक मोठा करणे हा आणखी एक मार्ग. अमेरिकेत ७ टेस्लाच्या यंत्राला २०१७ मध्ये रुग्णतपासणीची परवानगी मिळाली, तर फ्रान्समधील साक्ले येथे माणसाच्या मेंदूसाठी ११.७ टेस्लाचा चुंबक उभारला आहे. तरीही क्षेत्र वाढवून मिळणारा लाभ काही पटींचाच असतो, आणि खर्च त्याहून झपाट्याने वाढतो.

दुसऱ्या प्रकारात अतिध्रुवण येते, म्हणजे वर सांगितलेला दोन गटांतील फरक (ध्रुवण) कृत्रिमरीत्या अनेक पटींनी वाढवणे. संकेताने खरी उडी घेतली ती या मार्गाने. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व हायड्रोजनच्या अणुकेंद्राच्या सुमारे ६६० पट असते आणि त्याचे ध्रुवण अणुकेंद्रांकडे वळवता येते, हे आल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी १९५३ मध्ये मांडले. टॉमस कार्व्हर व चार्ल्स स्लिक्टर यांनी ते लगेच प्रयोगाने सिद्ध केले. वैद्यकासाठी त्याचा उपयोग व्हायला मात्र अर्धशतक लागले. स्वीडनमधील माल्मो येथे यान हेन्रिक आर्डेनकेअर-लार्सन, क्लाएस गोलमन व सहकाऱ्यांनी कार्बन-१३ असलेल्या पदार्थात जोडी नसलेले इलेक्ट्रॉन असलेले रेणू मिसळले, मिश्रण निरपेक्ष शून्याच्या जवळ, सुमारे १.२ केल्व्हिनपर्यंत थंड केले आणि त्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या. या तापमानाला ३.३५ टेस्लाच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन जवळपास पूर्ण ध्रुवित असतात. मग गोठलेला नमुना गरम द्रावकाने क्षणार्धात विरघळवला. द्रव झाल्यावरही ध्रुवण टिकले. संकेत व गोंगाट यांचे प्रमाण दहा हजार पटींहून अधिक वाढल्याचे त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले.

यासाठी पायरुव्हेट हा सर्वांत उपयोगी रेणू ठरला. कर्करोगाच्या अनेक पेशी प्राणवायू असतानाही ग्लुकोजपासून भरपूर लॅक्टेट बनवतात. ऑटो वारबुर्ग यांनी हे १९२० च्या दशकातच दाखवले होते. ध्रुवित पायरुव्हेट शिरेतून दिले की त्याचे लॅक्टेट होताना प्रत्यक्ष दिसते. हृदयात त्यापासून बायकार्बोनेट तयार होते आणि स्नायू इंधन कसे वापरतो हे कळते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ३१ रुग्णांवर झालेला पहिला मानवी अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोगाचा आकार बदलण्याआधी त्याचे रसायन बदललेले दिसते, हे या पद्धतीचे बळ.

हे ध्रुवण एकदाच मिळते आणि दर क्षणी ओसरत जाते. द्रावणातील पायरुव्हेटचे ध्रुवण सुमारे एका मिनिटात एक तृतीयांशावर येते, शरीरात त्याहूनही लवकर. मोजणीची प्रत्येक रेडिओ लहर त्यातला काही भाग खर्च करते. म्हणून औषधाची शुद्धता तपासणे, ते टोचणे आणि चित्र घेणे हे सारे दोन-तीन मिनिटांत उरकावे लागते. हायड्रोजन वायूच्या पॅराहायड्रोजन या रूपापासून ध्रुवण मिळवण्याची रीत स्वस्त व जलद आहे. १९८६ मध्ये रसेल बाउअर्स व डॅनियल वाइटकॅम्प यांनी तिचा पाया मांडला. तीही या घाईतून सुटलेली नाही.

अतिध्रुवणाशिवायचे दोन मार्ग दखल घेण्याजोगे आहेत. एकात ग्लुटामेट किंवा प्रथिने यांतील सुटे हायड्रोजन निवडक रेडिओ लहरींनी निस्तेज केले जातात. ते पाण्यातील हायड्रोजनशी सतत अदलाबदल करतात, त्यामुळे पाण्याचाच संकेत मोजता येण्याइतका घटतो आणि विरळ रेणूची खूण बळकट पाण्यावर उमटते. रॉबर्ट बालाबन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये या तत्त्वावर आधारलेली पद्धत मांडली. दुसरा मार्ग ड्युटेरियमचा. ड्युटेरियमयुक्त ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात. शरीरात नैसर्गिक ड्युटेरियम अत्यल्प असल्याने पार्श्वभूमीचा संकेत जवळजवळ नसतो, आणि त्याची अणुकेंद्रे लवकर पूर्वस्थितीला येत असल्याने मोजण्या झपाट्याने घेता येतात. येल विद्यापीठातील हेंक डी फेटर, रॉबिन डी ग्राफ व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या पद्धतीने माणसाच्या मेंदूतील गाठीचे चयापचय दाखवले.

आता प्रश्न हे मार्ग रुग्णालयांपर्यंत नेण्याचा. पेट तपासणीत वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी ग्लुकोजचे अर्धायुष्य ११० मिनिटे असल्याने ते एका शहरात बनवून दुसऱ्या शहरात पाठवता येते. ध्रुवित पायरुव्हेट मात्र पुण्यात बनवून विट्याला पाठवता येणार नाही. ध्रुवण करणारे यंत्र एमआरआयशेजारीच हवे, आणि त्यासाठी द्रव हीलियम व निर्जंतुक औषधनिर्मितीची व्यवस्था हवी. गोठलेल्या अवस्थेत ध्रुवण तासन्‌तास टिकवून नमुना वाहून नेता येईल असे प्रयोग २०१७ पासून प्रसिद्ध झाले आहेत, पण ते अजून रुग्णालयांत आलेले नाहीत. महानगरांतील संशोधन रुग्णालयांसाठी अतिध्रुवण योग्य आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ३ टेस्लाचे यंत्र असेल तर हायड्रोजन-अदलाबदल आणि, वेगळी कॉइल व तिला साजेसे प्रवर्धक बसवल्यास, ड्युटेरियम हेच मार्ग आधी आवाक्यात येतील.