पिकअपला दुसरी चाके बसतील का? खरेदीआधी हे मोजून घ्या

हंगाम ऐन भरात असताना पिकअपची डिस्क खड्ड्यात वाकते किंवा नटांच्या छिद्रांजवळ तडा जातो. माल बाजार समितीत पोहोचवायचा असतो, त्यामुळे जुन्या बाजारातून मिळेल ती डिस्क आणली जाते. ‘पाच नटांचीच आहे, बसेल’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. पण नट बसले म्हणजे चाक बसले असे नाही. ते हबवर मधोमध बसते का, वळताना किंवा भार पडल्यावर घासते का आणि भरलेल्या गाडीचे वजन पेलते का, हे वेगळे पाहावे लागते.

नटांचे वर्तुळ

सर्व छिद्रांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. सहा छिद्रांच्या डिस्कवर हे मोजणे सोपे असते. समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर म्हणजेच पीसीडी. पाच छिद्रांत समोरासमोर छिद्र नसते, म्हणून शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे. छिद्राचा मध्य नेमका सापडत नसेल, तर दोन्ही छिद्रांवर पट्टी सरळ धरून एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, अंतर तेच येते. उदाहरणार्थ, ८२.१ मिमी आले तर पीसीडी सुमारे १३९.७ मिमी, म्हणजे साडेपाच इंच. जीपच्या घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांचे माप हेच आहे.

या पद्धतीत १ मिमी चुकले तर उत्तर १.७ मिमीने चुकते. म्हणून मधले एक छिद्र सोडून पुढच्या छिद्रापर्यंतचे अंतरही घ्या व त्याला १.०५१ ने गुणा. दोन्ही उत्तरे जुळली तरच माप खरे. पीसीडीत एक-दोन मिमीचा फरक असला तरी पाना लावून नट ओढले जातात आणि चाक बसल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात स्टड वाकडे ताणले जातात व पुढे घाटात किंवा भरल्या गाडीत तुटतात.

मधले मोठे छिद्रही मोजा. ते हबच्या कॉलरपेक्षा लहान असेल तर डिस्क बसणारच नाही. मोठे असेल तर चाक केवळ नटांच्या आधारावर मध्यात राहते आणि स्टिअरिंग थरथरू शकते. नटाची बैठकही पाहा. शंकूच्या आकाराचा नट, गोल बैठकीचा नट आणि वायसरवर बसणारा सपाट नट एकमेकांऐवजी चालत नाहीत. अलॉयची जाडी जास्त असल्याने जुने नट अनेकदा पुरेसे आत जात नाहीत. १२ मिमी जाड, १.५ पिचच्या स्टडवर नट किमान आठ पूर्ण फेरे फिरला पाहिजे.

चाक आत किती, बाहेर किती

डिस्क पालथी घालून आतल्या कडांवर सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजा. त्यातून रिमच्या एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा केला की ऑफसेट मिळतो. समजा अंतर १२९ मिमी आणि कडांसह रुंदी १७८ मिमी आहे, तर १२९ वजा ८९, म्हणजे ऑफसेट ४० मिमी. रिमवर लिहिलेले इंच हे आतले माप असते, कडांसकट रुंदी साधारण इंचभर जास्त भरते. ही चूक नेहमी होते.

मूळ डिस्कचाही ऑफसेट असाच काढून तुलना करा. नव्याचा कमी असेल तर चाक बाहेर येते, बेअरिंगवर ताण वाढतो आणि मडगार्ड घासू शकतो. जास्त असेल तर चाक आत सरकून पाटे किंवा ब्रेकला लागू शकते. समोर डिस्क ब्रेक असल्यास लहान व्यासाची रिम कॅलिपरलाच अडकते. म्हणून पुढचे चाक बसवून हाताने पूर्ण फिरवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवा आणि मग गाडी भरून पुन्हा पाहा. रिकाम्या गाडीत न घासणारे टायर पाटे दबल्यावर घासू शकते.

वजन

इथे तडजोड नको. आरसीवर गाडीचे भरलेले वजन असते. भरल्या गाडीच्या मागच्या एक्सलवर २००० किलो येत असतील, तर मागच्या प्रत्येक चाकाला १००० किलो पेलता आले पाहिजे. टायरवरील भार निर्देशांकाचा आकडा १०८ असेल तर १००० किलो, १०६ असेल तर ९५० आणि १०४ असेल तर ९०० किलो. ‘१०६/१०४’ असे दोन आकडे असल्यास पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो.

टायर मजबूत घेतले तरी डिस्कची क्षमता वेगळी तपासा. काही डिस्कवर ती कोरलेली असते. पीसीडी एकच असलेली प्रवासी जीपची डिस्क पिकअपला लागेलही, पण ती मालवाहू गाडीच्या वजनासाठी बनवलेली असेलच असे नाही. क्षमता कळत नसेल तर ती डिस्क घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.

टायरचा व्यास बदलला की स्पीडोमीटरही बदलतो. २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०४ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३४ मिमी. म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी सुमारे ६२.५ च्या वेगाने धावते. मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलेच माप ठेवले की हा प्रश्न उरत नाही.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. नट एका ओळीत न आवळता समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आणि पुस्तिकेतील टॉर्कनुसार आवळा. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. नव्या डिस्कचे नट स्टेपनीला चालतात का, हेही त्याच दिवशी लावून पाहा. रात्री रस्त्यात टायर बसल्यावर ते कळून उपयोग नाही.